रिटेल कंपनीतल्या आयटी मुलाखतीची तयारी दुकानातून करा

वेळ: साधारण एक आठवडा, रोज दोन तास.
साहित्य: वही, पेन, डेटाबेस असलेला लॅपटॉप, घरातल्या किराणा सामानाची दोन-चार पाकिटं आणि जवळचं एखादं गर्दीचं सुपरमार्केट.

रिटेल कंपनीतल्या माझ्या पहिल्या मुलाखतीत प्रश्न आला, "ग्राहकाचे यूपीआयने पैसे गेले, पण बिल निघालं नाही. काय कराल?" मी लगेच सर्व्हरचे लॉग कसे तपासेन ते सांगू लागलो. समोरच्या मॅडमनी मला थांबवून विचारलं, "आणि तोवर ग्राहकाचं काय? त्याच्यामागे आठ जण उभे आहेत." त्या दिवसापासून मी अशा मुलाखतीची तयारी दुकानातून सुरू करतो.

१. जाहिरात नीट वाचा. बिलिंग सपोर्ट, सॉफ्टवेअर डेव्हलपर, डेटा अॅनालिस्ट आणि गोदामाची प्रणाली सांभाळणारा, या चौघांना विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात. जाहिरातीतल्या प्रत्येक कौशल्यापुढे तुम्ही स्वतः केलेलं एक काम लिहा. जिथे लिहायला काही सुचत नाही, तिथून अभ्यासाला लागा.

२. रविवारी संध्याकाळी अर्धा तास दुकानात घालवा. रांग कुठे अडते ते बघा. बारकोड स्कॅन होत नाही, कांद्या-बटाट्याच्या पिशवीवर वजनाचं स्टिकर नाही, कूपन लागू होत नाही, कॅशियर सुपरवायझरला हाक मारतो. यातल्या तीन अडचणी टिपून घ्या आणि प्रत्येकीवर सॉफ्टवेअर काय करू शकेल ते दोन ओळींत लिहा.

३. एक बारकोड हाताने तपासा. पाकिटावरच्या १३ आकड्यांपैकी शेवटचा पडताळणीचा असतो. पहिल्या १२ पैकी विषम स्थानांवरचे आकडे तसेच घ्या, सम स्थानांवरच्यांची बेरीज तिप्पट करा आणि दोन्ही मिळवा. ८९०१२३४५६७८९ घेतलं तर २८ अधिक १०२, म्हणजे १३०. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा आकडा. इथे काहीच कमी पडत नाही, म्हणून ०. हाच हिशेब आता कोडमध्ये लिहा. सुरुवातीचे ८९० म्हणजे तो क्रमांक जीएस१ इंडियाकडून मिळालेला. माल भारतात बनला असं त्यावरून ठरत नाही.

४. एसक्यूएलचा सराव दुकानाच्या प्रश्नांवर करा. एक नमुना: गेल्या ३० दिवसांत एकही नग न विकलेल्या वस्तू शोधा. इथे वस्तूंच्या तक्त्याला विक्रीचा तक्ता लेफ्ट जॉइनने जोडावा लागतो. तारखेची अट 'ऑन'मध्ये लिहा आणि 'व्हेअर'मध्ये विक्रीची बाजू नल आहे का एवढंच बघा. तारीख 'व्हेअर'मध्ये टाकलीत तर न विकलेल्या वस्तूच गळून जातात. नेमक्या याच ठिकाणी पुष्कळ जण चुकतात.

५. दर बदलला तर काय, याचं उत्तर तयार ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ला शाम्पू, टूथपेस्ट अशा वस्तूंवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. २० तारखेला घेतलेला शाम्पू ग्राहकाने २५ला परत आणला, तर कर जुन्याच दराने परत करायचा. म्हणून दराबरोबर तो कधीपासून लागू, ही तारीख हवी आणि प्रत्येक बिलात त्या दिवशीचा दर कायमचा साठवलेला हवा. हे कागदावर तक्ते काढून समजावून सांगता आलं पाहिजे.

६. अडचणीच्या प्रश्नाला क्रमाने उत्तर द्या: आधी ग्राहक, मग व्यवहार, मग कारण. वरच्या यूपीआयच्या प्रश्नात व्यवहार क्रमांकावरून बँकेकडची स्थिती तपासायची आणि पैसे जमा दिसले तर त्याच क्रमांकावर बिल पूर्ण करायचं. तपासाला वेळ लागणार असेल तर ते बिल बाजूला होल्डवर ठेवून रांग पुढे सरकवायची. स्थिती कळेपर्यंत पुन्हा पैसे मागायचे नाहीत. दोनदा विनंती गेली तरी नोंद एकदाच होईल, अशी रचना कशी कराल तेही सांगा.

७. येत नसेल तर तसं सांगा. "हे मी केलेलं नाही, पण सुरुवात इथून करेन," असं म्हणून पहिलं पाऊल मोठ्याने विचार करत मांडा. थापा पुढच्या दोन प्रश्नांत उघड्या पडतात.

८. तुम्हीही विचारा. शनिवार-रविवारची ड्यूटी, दिवाळीच्या हंगामातल्या सुट्ट्या आणि रात्रीचा ऑन-कॉल यांबद्दल स्पष्ट बोला, कारण दुकानाची गर्दी आणि तुमची सुट्टी एकाच दिवशी येते. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठा.

शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: "नव्या माणसाला पहिले काही दिवस दुकानात पाठवता का?" 'हो' आलं, तर तिथे कोड लिहिणाऱ्याला काउंटरवरचा माणूस ठाऊक असतो. 'नाही' आलं, तर रुजू झाल्यावर पहिल्याच रविवारी आपणहून जा.