जीएसटीच्या फोल्डरला कुलूप

प्रश्न : घडियाळी पोळेतल्या सराफी दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पावतीची मांडणी बदलायला सांगितली, तर एआय सहायकाने सोन्यावरच्या ३ टक्के जीएसटीचा हिशेबही ‘सुधारला’! आवर कसा घालू?

उत्तर : ‘इथे हात लावू नकोस’ असं सूचनांत लिहिणं ही नुसती विनंती. लांबलेल्या कामात ती मागे पडते. क्लॉड कोड वापरत असाल, तर सेटिंग्जमधल्या ‘डिनाय’ यादीत कर-हिशेबाचा फोल्डर टाका. तरी टर्मिनल मोकळं सोडलंत, तर स्क्रिप्ट चालवून तीच फाइल मागच्या दाराने बदलता येते. खरी राखण गिटहबवर : ‘कोडओनर्स’मध्ये त्या फोल्डरपुढे तुमचं नाव, मुख्य शाखेला संरक्षण, तुमची मंजुरी सक्तीची. सहायकाला वेगळं खातं द्या. ॲडमिनचं टोकन दिलंत तर मुसळ केरात. खासगी रेपोसाठी सशुल्क योजना लागेल, पण ती घ्याच.