लाल पानांची वाट पाहू नये

माउंटन पाइन बीटल हा पश्चिम उत्तर अमेरिकेतला काळा भुंगेरा. लांबीला तो जेमतेम ५ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तरीही कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या त्याच्या उद्रेकाची झळ १.८ कोटी हेक्टरांहून अधिक जंगलाला बसली आणि लाकूड म्हणून विकता येण्याजोग्या पाइनपैकी निम्म्याहून अधिक मेले.

जुलै-ऑगस्टमध्ये मादी जिवंत झाडाची साल पोखरते आणि गंधद्रव्य सोडून इतरांना बोलावते. झाड राळ ओतून भुंगेऱ्यांना बाहेर ढकलू पाहते. सशक्त झाडाला थोडे भुंगेरे परतवता येतात. दुष्काळाने, वयाने किंवा दाटीने दुबळे झालेले झाड शेकडोंच्या हल्ल्यापुढे टिकत नाही. मादी आतल्या सालीत उभा बोगदा कोरून अंडी घालते. अळ्या आडव्या दिशेने खात जातात आणि पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाण्याची वाट तुटते. भुंगेऱ्यांबरोबर आलेली बुरशी लाकडात शिरून त्याला निळसर करते आणि मुळांकडून वर येणारे पाणी अडवते. असे दोन्ही बाजूंनी कोंडलेले झाड मरते.

पाने मात्र पुढच्या वसंतापर्यंत हिरवीच राहतात, आणि फसगत होते ती इथेच. पुढच्या उन्हाळ्यात झाड पूर्ण लाल दिसते, तोवर नवी पिढी बहुधा उडून गेलेली असते. म्हणून शेंड्याकडे पाहण्याआधी खोड तपासावे. सालीवर राळेचे गोळे, बुंध्याशी लाकडाचा बारीक भुसा, सुतारपक्ष्यांनी सोललेली साल या खुणा शरद ऋतूतच दिसतात. असे झाड हिवाळ्यात, भुंगेरे बाहेर पडण्यापूर्वी तोडून जाळावे किंवा त्याची साल काढून नष्ट करावी. साल असलेले जळाऊ लाकूड दुसरीकडे नेऊ नये. भुंगेरे त्यातूनही प्रवास करतात. कीटकनाशकाची फवारणी निरोगी झाडाच्या खोडावर, हल्ल्याआधी केली तरच उपयोगी पडते. सालीखाली अळ्या पोसू लागल्यावर तिने झाड वाचत नाही.

उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी टिकून राहिली, तर अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात. उबदार होत गेलेल्या हिवाळ्यांनी हा लगाम सैल केला. वणवे सतत विझवत राहिल्याने एकाच वयाचे जुने लॉजपोल पाइन मैलोन्‌मैल साचले होते. त्यामुळे भुंगेऱ्यांना अन्नाची कमतरता पडली नाही. २००० च्या दशकात ते रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टातही पसरले.

एवढा मोठा उद्रेक कुऱ्हाडीने आवरत नाही. तोडणीचा उपाय प्रादुर्भाव लहान असतानाच चालतो. त्याआधीची खरी तयारी म्हणजे विरळणी करून उरलेल्या झाडांना पाणी आणि ऊन मिळू देणे, आणि नव्या लागवडीत वेगवेगळ्या जातींची व वयांची झाडे ठेवणे.