बांधाची लांबी आणि शेताचें क्षेत्र

शाळेंत जाणाऱ्या मुलांस पाटीवर क्षेत्रफळ व परिमिति हीं दोन्ही काढतां येतात. परंतु दोहोंतील भेद पुष्कळांच्या ध्यानांत नसतो. पुढें वाटणीच्या वेळीं हेंच नडतें. नांदेड-लातूरकडे बांधावरून पावलें मोजून ‘दोन्ही तुकडे सारखेच’ असें ठरविणारे जाणते लोकही मीं नोकरींत असतां पाहिले आहेत.

याकरितां मुलास खळ्यावर न्यावें. तुराटीचे सारख्या लांबीचे २६ तुकडे करून प्रत्येक तुकडा जुन्या मोजणींतील ३३ फुटांची सांखळी मानावा. ८ लांब व ५ रुंद असा काटकोनी चौकोन मांडून आंत राखेनें घरें पाडावीं. तीं ४० भरतील. एक चौरस सांखळी म्हणजे एक गुंठा; अर्थात् हा एक एकर झाला. आतां तेच तुकडे १० व ३ असे मांडावे. बांध तितकाच, घरें मात्र ३०! रुंदीच्या दोन ओळींबरोबर १६ घरें गेलीं आणि वाढलेल्या लांबीनें ६च परत दिलीं, हें मुलास आपण सांगूं नये. त्यानेंच राखेंत शोधावें.

उलट बाजूही दाखवावी. २० व २ अशा पट्टीचें क्षेत्र ४० गुंठेच, पण बांध ४४ सांखळ्या. कुंपणास एकपदरी तारच ५९४ फूट अधिक लागेल. बांधाखालीं अडकणारी जमीन निराळी.

सातबारावर क्षेत्र हेक्टर-आर यांत असतें. एक गुंठा म्हणजे सुमारें १.०१ आर, तें रूपांतर घरें मोजून झाल्यावर शिकवावें.