परकी मदत व रुपयाची किंमत

एखाद्या गृहस्थानें अडचणीच्या वेळीं सावकाराच्या दारीं जावें आणि सावकारानें, "पैसे देतों, पण आधीं घरखर्चाची रीत बदला," असें म्हणावें, हा प्रसंग आपल्या समाजास अपरिचित नाहीं. सावकाराचें सांगणें कदाचित् योग्यहि असतें. घरांतील एखाद्या शहाण्या मनुष्यास तें पूर्वींच पटलेलें असतें. तरी तें परक्याच्या तोंडून आलें म्हणजे जिवाला लागतें. राष्ट्रांचेंहि असेंच आहे. स्वतंत्र भारतानें १९६६ सालीं परकी मदतीच्या भरंवशावर आपल्या आर्थिक धोरणांत एक मोठा फेरबदल केला. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं, आणि ज्यांनीं तो काळ पाहिला किंवा वडिलांच्या तोंडून ऐकला अशा पालकांनींहि, एकदां नीट समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम हुंडणावळीचा दर म्हणजे काय तें पाहूं. परदेशाचें नाणें घेण्यास आपले किती रुपये द्यावे लागतात, तो हा दर. १९४९ च्या सप्टेंबरांत पौंडाबरोबर रुपयाचीहि किंमत उतरविण्यांत आली व एका डॉलरास ४ रुपये ७६ पैसे हा भाव ठरला. पुढें जवळजवळ सतरा वर्षें तो जागचा हालला नाहीं. परंतु या अवधींत देशांतील जिनसांचे भाव मात्र चढत गेले. भाव चढले आणि दर तोच राहिला, म्हणजे काय होतें? परदेशचा माल आपल्याला स्वस्त वाटतो आणि आपला माल परदेशच्या गिऱ्हाइकास महाग पडतो. सहाजिकच आयातीची मागणी वाढते व निर्यात रेंगाळते.

त्यांतच १९५६ सालीं दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. पोलादाचे कारखाने, यंत्रें, वीजघरें यांसाठीं परदेशांतून अवजड सामग्री आणावी लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत इंग्लंडकडे साठलेली आपली स्टर्लिंगची पुंजी भराभर आटली आणि १९५७ सालीं परकीय चलनाची टंचाई उघड झाली. १९५८ च्या ऑगस्टांत जागतिक बँकेच्या पुढाकारानें मदत देणाऱ्या राष्ट्रांचें एक मंडळ स्थापन झालें. इकडे सरकारनें आयातीवर परवान्यांचा बंदोबस्त बसविला. परवाना ज्याला मिळाला त्याचें नशीब उघडलें, असें म्हणावें लागेल. कारण स्वस्त दरानें आणलेली वस्तु देशांत कितीतरी चढ्या भावानें विकतां येई. माल निर्माण करण्यापेक्षां परवाना मिळविण्यांत अधिक लाभ, ही स्थिति कोणत्याहि देशाच्या उद्योगास पोषक नसते.

येथें मदतीच्या दोन प्रकारांतील फरक ध्यानांत घेतला पाहिजे. एक मदत ठराविक कामासाठीं मिळते : अमुक धरण, अमुक कारखाना. दुसरी चालू गरजांसाठीं असते : कच्चा माल, सुटे भाग, खतें. पहिल्या प्रकारची मदत मिळविणें सोपें, कारण देणाऱ्यालाहि आपल्या नांवाची पाटी कोठेंतरी लागलेली आवडते. पण नवा कारखाना उभा राहिला आणि जुन्यास सुटे भाग मिळाले नाहींत, तर दोघांचाहि उपयोग काय? तेव्हांच्या भारताची अडचण हीच होती. यंत्रें होतीं, कामगार होते, आणि तरी पुष्कळ कारखाने निम्म्या शक्तीनें चालत होते. म्हणून सरकारला दुसऱ्या प्रकारची मदत हवी होती. आणि तीच अटींशिवाय मिळणें कठीण होतें.

१९६४ सालीं जागतिक बँकेनें बर्नार्ड बेल यांच्या नेतृत्वाखालीं एक पथक भारतांत पाठविलें. त्याच्या अहवालाचा मथितार्थ तीन गोष्टींचा होता : रुपयाची किंमत उतरवावी, आयातीचे निर्बंध सैल करावे आणि शेतीकडे अधिक लक्ष द्यावें. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना अवमूल्यन मुळींच मान्य नव्हतें. १९६५ च्या अखेरीस त्यांनीं राजीनामा दिला.

त्या एका वर्षांत देशावर संकटें तरी किती यावीं! सप्टेंबरांत पाकिस्तानशीं युद्ध झालें व अमेरिकेनें मदत थांबविली. त्याच वर्षीं पावसानें दगा दिला. १९६४-६५ सालीं सुमारें ८ कोटि ९० लाख टन धान्य पिकलें होतें. पुढच्या सालीं तें ७ कोटि २० लाख टनांवर आलें. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनीं लोकांस सोमवारीं सायंकाळचें जेवण सोडण्याची विनंति केली, व असंख्य घरांतून ती पाळली गेली. अमेरिकेच्या १९५४ सालच्या ४८० क्रमांकाच्या कायद्याखालीं तिकडचा शिलकी गहूं आपल्याकडे येत असे. अध्यक्ष जॉन्सन यांनीं आतां तो वर्षाच्या करारानें न देतां थोडथोडा, आखडत्या हातानें सोडण्यास आरंभ केला. बंदरांत लागणाऱ्या जहाजावर कोट्यवधि लोकांची भाकरी अवलंबून, अशी पाळी स्वाभिमानी राष्ट्रावर आली.

१९६६ च्या जानेवारींत ताश्कंद येथें शास्त्रीजी निवर्तले व इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या. मार्चमध्यें त्या अमेरिकेस जाऊन आल्या. पाठोपाठ नियोजनमंत्री अशोक मेहता यांनीं वॉशिंग्टनमध्यें जागतिक बँकेचे अध्यक्ष जॉर्ज वुड्स यांच्याशीं वाटाघाटी केल्या. वर्षाला ९० कोटि डॉलरांची चालू गरजांसाठींची मदत मिळेल, आणि ती कांहीं वर्षें मिळत राहील, अशी अपेक्षा घेऊन ते परतले. ५ जूनच्या रात्रीं अर्थमंत्री सचिन चौधरी यांनीं घोषणा केली : दुसऱ्या दिवसापासून एका डॉलरास साडेसात रुपये.

हें गणित विद्यार्थ्यांनीं पाटीवर मांडून पाहावें. शंभर डॉलरांचें यंत्र काल ४७६ रुपयांस पडत होतें, तें आज ७५० रुपयांस पडूं लागलें. म्हणजे शेंकडा साडेसत्तावन्न रुपये जास्त. उलट ४७६ रुपयांच्या भारतीय कापडासाठीं परदेशी व्यापाऱ्यास काल शंभर डॉलर मोजावे लागत, आज ६३ डॉलर व ४७ सेंट पुरले. म्हणजे शेंकडा साडेछत्तिसांची सवलत. वर्तमानपत्रांत कोणी साडेसत्तावन्न लिहीत, कोणी साडेछत्तीस, आणि वाचकांचा गोंधळ उडे. आंकडे दोन्ही बरोबरच आहेत. एक डॉलरची चढ सांगतो, दुसरा रुपयाची उतार. मोजण्याचा पाया निराळा, इतकेंच. वरच्या वर्गांतील मुलांना सुद्धां हें उदाहरण पहिल्या खेपेस चकवितें असा आमचा अनुभव आहे.

याच वेळीं निर्यातीस दिलीं जाणारीं अनुदानें बंद झालीं, कांहीं आयातजकाती उतरल्या, चहा व ताग यांसारख्या मालावर निर्यातकर बसला. म्हणजे रुपयाची किंमत कागदावर जितकी उतरली तितका फायदा निर्यातदाराच्या हातीं पडला नाहीं. कारण पूर्वींचें अनुदान त्याच हातांतून काढून घेतलें गेलें होतें. ५९ अग्रक्रमाच्या उद्योगांना कच्चा माल व सुटे भाग आणण्याची पुष्कळशी मोकळीक मिळाली.

आतां अपेक्षा अशी कीं, निर्यात वाढावी, कारखाने भरून चालावे. पण १९६६ सालींहि पावसानें पाठ फिरविली. बिहारांत दुष्काळ पडला. आपली त्या वेळची मुख्य निर्यात कोणती? ताग, चहा, सुती कापड. सगळ्यांचें मूळ शेतांत. शेत सुकलें तर दर कितीहि सोयीचा असो, विकावयास माल कोठून आणावा? त्या सालीं एक कोटि टनांहून अधिक धान्य परदेशांतून आणावें लागलें. धान्याचे भाव भडकले ते दुष्काळामुळें. पण सामान्य माणसानें पाहिलें तें असें कीं, जूनमध्यें रुपया उतरला आणि नंतर बाजार चढला. मागून आलेली गोष्ट आधींच्या गोष्टीमुळेंच आली असें मानण्याचा मोह फार जबर असतो. तर्कशास्त्रांत ज्याला हेत्वाभास म्हणतात, त्याचें याहून ठळक उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

मदतीचें काय झालें? पहिल्या वर्षाची रक्कम मंजूर झाली, पण उशीरानें. पुढील वर्षांत ती घटतच गेली. अमेरिकेच्या व्हिएटनाममधील बाँबवर्षावावर भारतानें टीका केल्यामुळें जॉन्सन नाराज होते, हेंहि त्यांतलें एक कारण. घेणाऱ्यानें आपली अट पाळली आणि देणाऱ्यानें हात आखडला, ही भावना दिल्लींत खोल रुजली. आणि आमच्या मतें ती निराधार नव्हती. काँग्रेसचे अध्यक्ष कामराज यांस तर हा निर्णय पक्षाला न विचारतां झाल्याचा विषाद होताच. १९६७ च्या निवडणुकींत त्या पक्षाचें अनेक राज्यांतील बहुमत गेलें. निर्यात अनुदानें परत आलीं, आयातीचे निर्बंध पुन्हां आवळले गेले. चौथी पंचवार्षिक योजना तीन वर्षें लांबणीवर पडली.

पण बेल यांच्या तिसऱ्या सूचनेची, शेतीची, कथा निराळी आहे, आणि ती सांगितल्यावांचून हा धडा अपुरा राहील. अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम् यांच्या मनांत सुधारलेलें बियाणें, खत आणि शेतकऱ्यास हमी भाव ही योजना पूर्वींपासूनच होती. मंत्रिमंडळांत तिला विरोध होता. खतांसाठीं परकीय चलन खर्चण्यास अर्थखातें राजी नव्हतें. १९६५ च्या नोव्हेंबरांत रोम येथें त्यांनीं अमेरिकेचे शेतकी मंत्री फ्रीमन यांच्याशीं करार केला, आणि त्यांतील अटी पाहिल्या तर त्या बव्हंशीं सुब्रमण्यम् यांच्याच योजनेंतील कलमें होतीं! परक्याच्या अटीचा त्यांनीं घरांतील वाद जिंकण्यास उपयोग करून घेतला. १९६६ सालीं मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचें बियाणें आलें; पंजाब, हरयाणा व पश्चिम उत्तर प्रदेशांतील शेतकऱ्यांनीं तें पेरलें. १९६६-६७ चें गव्हाचें पीक सुमारें १ कोटि १४ लाख टन होतें, तें पुढच्याच सालीं १ कोटि ६५ लाख टन झालें. त्या वर्षीं पाऊसहि बरा झाला होता, हें सांगितलें पाहिजे. परंतु नुसत्या पावसानें एवढी उडी पडत नाहीं.

एकाच मदतकर्त्यानें एकाच काळीं दिलेल्या सल्ल्यापैकीं एक टिकला व दुसरा वाहून गेला. शेतीच्या सुधारणेचा पुरस्कर्ता घरांतच होता, आणि तो उघडपणें भांडावयास तयार होता. अवमूल्यनाचा पुरस्कार करणारे मंत्री थोडे, तेहि नाइलाजानें बोलणारे. आम्हांस तर दोहोंतील खरा फरक येथेंच दिसतो.

महाराष्ट्रांतील वडीलधाऱ्यांस या काळाची आठवण रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकन लाल मिलोची आहे. आपल्या ज्वारीची चव ज्यांच्या जिभेवर होती त्यांनीं ती भाकरी कशी गिळली, तें पालकांनीं मुलांस सांगावें. रानोमाळ माजलेलें काँग्रेस गवत त्याच गव्हाबरोबर आलें, अशी एक लोकसमजूतहि आहे. या धान्याची किंमत आपण रुपयांत भरीत असूं व ते रुपये अमेरिकेच्या नांवें येथेंच साठत. साठा इतका झाला कीं तो खर्च करणें अशक्य झालें. शेवटीं १९७४ च्या फेब्रुवारींत अमेरिकेचे राजदूत मॉयनिहॅन यांनीं १,६६४ कोटि रुपयांचा धनादेश भारत सरकारच्या स्वाधीन केला.

तत्पूर्वीं, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ १९६७ सालीं नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दींत तयार झालेल्या चौथ्या योजनेनें १९७१ पर्यंत सवलतीच्या धान्याची आयात बंद करण्याचें व योजनेच्या अखेरीस निव्वळ परकी मदत निम्म्यावर आणण्याचें उद्दिष्ट ठेविलें.

अवमूल्यन हा शब्द पुढें पंचवीस वर्षें राज्यकर्त्यांना चटका बसल्यासारखा वाटे. १९९१ सालीं परकीय चलन पुन्हां आटलें व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावें लागलें. पंतप्रधान नरसिंह राव व अर्थमंत्री मनमोहन सिंग. या सिंगांनीं १९६४ सालींच भारताच्या निर्यातीवर ग्रंथ लिहिला होता. म्हणजे या खेपेस सुधारणेचा पुरस्कर्ता अर्थखात्यांतच बसलेला होता. १९६६ ची आठवण ठेवून त्यांनीं रुपया एकदम न उतरवितां दोन पायऱ्यांनीं उतरविण्याचें ठरविलें : पहिली १ जुलै रोजीं, दुसरी ३ जुलैला. पहिलीनंतर टीकेचा गदारोळ उठला, पंतप्रधानांचें मन डळमळलें, आणि तीन तारखेच्या सकाळीं त्यांनीं दुसरी पायरी थांबविण्यास सांगितलें. अर्थमंत्र्यांनीं रिझर्व्ह बँकेस दूरध्वनि केला. तोंवर बँकेनें नवा दर जाहीर करून टाकला होता.