ग्राहक-संबंध सल्लागार : नोंदीला अर्थ देणारा व्यवसाय

आपली अडचण एका टेबलावर सांगावी, दुसऱ्या टेबलावर ती पुन्हा पहिल्यापासून सांगावी आणि आठ दिवसांनी परत गेल्यावर तिसऱ्यांदा सांगावी, हा अनुभव बँकेच्या खातेदारापासून पाणीपट्टी भरणाऱ्या गावकऱ्यापर्यंत अनेकांना आलेला असतो. कर्मचाऱ्याला आस्था नसते म्हणूनच हे घडते असे नाही. पुष्कळदा मागील भेटीत काय ठरले याची नोंदच त्याच्यासमोर नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी जी संगणक-प्रणाली उदयास आली तिला 'ग्राहक-संबंध व्यवस्थापन' किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सीआरएम' असे म्हणतात. ही प्रणाली संस्थेच्या प्रत्यक्ष कामाशी जुळवून देणारा जाणकार म्हणजे सीआरएम सल्लागार. त्याच्या कार्यपद्धतीत शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांनीही घेण्याजोगे बरेच आहे.

प्रणालीचा उगम

ग्राहकाची नोंद ठेवण्याची कल्पना जुनीच आहे. दुकानदाराची उधारीची वही आणि विमा प्रतिनिधीची डायरी ही तिचीच रूपे होत. मात्र डायरी एका माणसापाशी राहते व तो गेला की माहितीही जाते. १९८७ मध्ये अमेरिकेत 'ॲक्ट' हे संपर्क-नोंदीचे सॉफ्टवेअर बाजारात आले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या सिबेल सिस्टिम्स या कंपनीने मोठ्या उद्योगांच्या विक्री विभागांसाठी अशी प्रणाली तयार केली. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे निघालेल्या सेल्सफोर्सने हीच सोय ठरावीक शुल्क घेऊन इंटरनेटवरून देण्यास प्रारंभ केला. भारतात चेन्नईच्या झोहो या कंपनीने, तेव्हाच्या ॲडव्हेंटनेटने, २००५ मध्ये आपली सीआरएम प्रणाली आणली. आज पुणे व मुंबई येथील अनेक तरुण-तरुणी या क्षेत्रात काम करीत आहेत.

आधी विचारपूस, मग यंत्र

सल्लागाराचे काम संगणकापासून सुरू होत नाही. ते विचारपुशीपासून सुरू होते. कागदोपत्री असलेली कार्यपद्धती आणि प्रत्यक्षात चालणारे काम यांत बहुधा अंतर असते. तक्रार कोणाकडे येते, ती कोण लिहून घेतो, निर्णय कोणाचा, उत्तर कोण कळवितो आणि साहेब रजेवर असताना काय होते, हे सर्व प्रश्न त्याला विचारावे लागतात. त्यांची उत्तरे केवळ वरिष्ठांकडून मिळत नाहीत. दूरध्वनी घेणारा व खिडकीवर बसणारा कर्मचारी यांच्याकडेच ती असतात. या टप्प्यावर घाई केली तर पुढील सारा खर्च वाया जाण्याचा संभव असतो.

यानंतर जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणण्याचे किचकट काम येते. एकच व्यक्ती कोठे आडनावाने, कोठे नावाने, कोठे देवनागरीत तर कोठे रोमन लिपीत लिहिलेली असते. विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीच्या दोन नोंदी आढळतात. याउलट, एकाच गावात एकाच नावाचे दोन वेगळे गृहस्थ असू शकतात. यंत्र नावे जुळवून दाखवील, परंतु दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की नाहीत याचा निर्णय माहीतगारालाच करावा लागतो.

रकाने किती असावेत?

प्रणाली निष्फळ होण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे रकान्यांचा हव्यास. प्रत्येक विभाग आपला एखादा रकाना सुचवितो व तो सक्तीचा करण्याचा आग्रह धरतो. मग समोर माणसांची रांग असलेला कर्मचारी काय करतो? जन्मतारखेच्या जागी एक जानेवारी, दूरध्वनी क्रमांकाच्या जागी दहा शून्ये आणि शेऱ्याच्या जागी नुसते टिंब भरून तो पुढे जातो. महिनाअखेरीचा तक्ता पूर्ण भरलेला दिसतो, पण त्यातील माहिती खोटी असते. रिकामा रकाना निदान उणीव तरी दाखवितो. खोटा रकाना मात्र चुकीच्या निर्णयाकडे नेतो.

यास्तव अनुभवी सल्लागार प्रत्येक रकान्याविषयी दोन प्रश्न विचारतो. या माहितीवरून कोणता निर्णय घेतला जाणार आहे? आणि ती भरणाऱ्याला तिचा काय उपयोग? ज्याच्या श्रमातून नोंद होते त्याचे काम तिच्यामुळे हलके झाले, तरच ती नोंद खरी राहते. केवळ वरिष्ठांच्या देखरेखीसाठी मागविलेली माहिती कालांतराने उपचारापुरतीच उरते.

न्यूयॉर्कचे उदाहरण

नोंद नेमकी असेल तर काय साधते, याचे उदाहरण न्यूयॉर्क शहरात पाहावयास मिळते. महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या कारकिर्दीत, मार्च २००३ मध्ये, तेथे नागरी तक्रारींसाठी ३११ हा एकच दूरध्वनी क्रमांक सुरू झाला. २००५ पासून शहरात अधूनमधून मॅपलच्या पाकासारखा गोड वास पसरू लागला. घाबरलेले नागरिक ३११ वर कळवीत. प्रत्येक तक्रारीसोबत स्थळ व वेळ नोंदलेली असल्यामुळे अधिकाऱ्यांना त्या नकाशावर मांडून वाऱ्याच्या दिशेशी ताडून पाहता आल्या. फेब्रुवारी २००९ मध्ये उलगडा झाला. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील एका कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया होत असे व त्याचाच हा वास होता. त्यापासून धोका नसल्याचे नागरिकांना सांगण्यात आले. एकेकटी तक्रार क्षुल्लक वाटली असती, पण सर्व तक्रारी एकत्र आल्या तेव्हा त्यांतून उत्तर मिळाले.

ज्ञान लिहून ठेवण्याची शिस्त

सल्लागार काही महिन्यांनी निघून जातो, प्रणाली मात्र वर्षानुवर्षे चालते. म्हणून कोणता निर्णय का घेतला, हे सोप्या भाषेत लिहून ठेवणे हा त्याच्या कर्तव्याचाच भाग होय. या व्यवसायात आपल्याला सापडलेली युक्ती व आपली झालेली चूक इतरांसाठी लिहिण्याची चांगली प्रथा आहे. असे लेखन करताना ग्राहकाची खासगी माहिती उघड होणार नाही, ही दक्षता घ्यावीच लागते. वैयक्तिक माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, हे तत्त्व आपल्या देशात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणविषयक कायद्यातही अंतर्भूत आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एक गोष्ट अवश्य सांगावी. या व्यवसायास संगणकाचे ज्ञान लागते, पण तेवढ्याने भागत नाही. लक्षपूर्वक ऐकणे, नेमके प्रश्न विचारणे व स्वच्छ लिहिणे हे गुण येथे तितकेच मोलाचे आहेत.

आपल्या कार्यालयांसाठी

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवेसाठी कालमर्यादा असते, अर्जदारास विशिष्ट अर्ज क्रमांक मिळतो आणि विलंब झाल्यास अपिलाचा मार्ग खुला असतो. एका अर्थाने नागरिक व शासन यांच्यातील संबंधाची ही कायद्याने बांधलेली नोंदच आहे. तिचे यश अखेर खिडकीवर होणाऱ्या पहिल्या नोंदीवर अवलंबून राहते.

ज्या ग्रामपंचायतीत संगणक-प्रणाली नाही, तेथेही सुरुवात करता येईल. एका साध्या वहीत तक्रारीचा क्रमांक, तारीख, ठिकाण, जबाबदार व्यक्ती आणि कळविलेले उत्तर एवढे पाच रकाने आखावेत व दरमहा मासिक सभेत ती वही वाचावी. कोणत्या वस्तीतील नळाची तक्रार वारंवार येते, हे तीन महिन्यांत ध्यानी येऊ शकेल. पुढे संगणक आला तर या वहीचाच त्याला आधार होईल. आणि आपले म्हणणे पुन्हा पहिल्यापासून सांगण्याची वेळ गावकऱ्यावर आज येत आहे, ती तोपर्यंत पुष्कळ अंशी टळलेली असेल.