नट-बोल्टची शेड

बंगला विकत घेतला तेव्हा बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात गाडीची शेड आधीच उभी होती. लोखंडी खांब, वर पॉलिकार्बोनेटचे पत्रे. विकणाऱ्याने ती कौतुकाने दाखवली. पहिल्याच पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी शेजाऱ्यांच्या भिंतीवर कोसळू लागलं, त्यांनी तक्रार केली आणि अनधिकृत बांधकामाची नोटीस आली ती माझ्या नावाने. शेड कुणी उभारली, हा प्रश्न तिथे गौण होता. आजचा मालक कोण, एवढंच पाहिलं गेलं.

नोटीस महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खालची होती. ज्याला दाखवली तो प्रत्येक फॅब्रिकेटर एकच सांगे: ‘साहेब, नट-बोल्टची आहे, काँक्रीट नाही, परवानगी कशाला?’ हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बांधकाम नियमावलीतली इमारतीची व्याख्या कोणत्याही साहित्याची, कोणत्याही कारणासाठी उभारलेली रचना कवेत घेते. पत्रा असो की विटा, शेड उभी कुठे आहे यावर सगळं ठरतं.

आमची उभी होती सामासिक अंतरात, म्हणजे साइड मार्जिनमध्ये. भूखंडाच्या हद्दीपासून इमारतीपर्यंत जी जागा मोकळी सोडायची असते ती. उजेड, वारा आणि आग लागली तर माणसांना जायला वाट, यासाठी ती असते. ‘माझ्याच जागेत तर बांधलं’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. नियमांत पोर्च आणि गॅरेजला काही सवलती आहेत, पण त्या जागा, उंची आणि आकाराच्या अटींसह. दंड भरला की सगळं नियमित होतं, हेही खरं नाही. नियमांत बसू शकेल तेवढ्याचाच विचार होतो. आमचे बाजूचे खांब कापावे लागले. पुढच्या बाजूला पोर्च वास्तुविशारदाकडून नकाशा करून, रीतसर मंजुरी घेऊन बांधला. पाणी पन्हाळीतून आमच्याच आवारात उतरवलं. हे आधीच्या मालकाने केलं असतं तर खर्च एकदाच झाला असता.

कुणी म्हणेल, पालिका त्या शेडचा कर घेत होतीच की! घेवो. महापालिका हद्दीत अनधिकृत बांधकामाला करावर शास्ती लावण्याची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. करपावती हा परवान्याचा पुरावा नव्हे.

म्हणून जुनं घर घेताना मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. नकाशा हातात घेऊन, टेप लावून चारही बाजूंची मार्जिन स्वतः मोजा. नकाशात नसलेलं जे काही जागेवर दिसेल ते खरेदीखताआधी विकणाऱ्याने काढावं किंवा घराची किंमत तेवढी कमी करावी. नवीन शेड करणाऱ्यांनी फॅब्रिकेटरच्या आधी वास्तुविशारदाला गाठावं, आणि आपल्या जागेतून विकास आराखड्यातली रस्तारुंदी जाते का तेही पाहून घ्यावं. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली लागू आहे, त्यामुळे दुसऱ्या गावचा जुना अनुभव सांगणाऱ्या पाहुण्यांवर विसंबू नका. कटक मंडळात तर मंजुरी मंडळाकडूनच घ्यावी लागते. गावठाणाबाहेर नुसता ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पुरत नाही.

अर्ज दिल्यावर साठ दिवस उत्तर आलं नाही की परवानगी मिळालीच, असंही ऐकवलं जातं. कायद्यात मानीव परवानगी आहे, पण आराखडा नियमांत काटेकोर बसत असेल तरच. मार्जिनमधली शेड त्यात बसत नाही, मग साठ दिवस जावोत की सहाशे.