जुन्या पिक-अप गाडीच्या मागील आसाचे दंतप्रमाण कसे ओळखावे

बोरगाव मेघेसारख्या गावी ज्या शेतकऱ्याजवळ जुनी जीप किंवा जीपच्या सांगाड्यावर बांधलेली पिक-अप गाडी आहे, त्याच्या गाडीची खरी परीक्षा कापसाच्या वेचणीत होते. परतीच्या पावसाने ओल्या झालेल्या पांदणीत भरलेली गाडी रुतते, चालक झटका देऊन ती काढू पाहतो आणि मागील आसातील पिनियनचा दात तुटतो. मग नागपूरहून जुना क्राऊन-पिनियन आणला जातो. तो दुसऱ्याच दंतप्रमाणाचा निघाला तर पैसे जातात आणि वेचलेला कापूस घरी पडून राहतो. म्हणून गाडी धडधाकट असतानाच हे प्रमाण मोजून ठेवावे.

वर्ध्यात चरखा कोणास अपरिचित नाही. चरख्याचे मोठे चक्र एकदा फिरले की लहान चाती अनेक वेळा फिरते. गाडीच्या आसात याच्या उलट घडते. प्रॉपेलर शाफ्टच्या टोकाचे लहान पिनियन अनेक वेळा फिरते, तेव्हा मोठे क्राऊन चक्र एकदा फिरते. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले असता जो आकडा येतो, तेच दंतप्रमाण. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपला ३९ व ८ दात होते, म्हणजे प्रमाण ४.८८. पुढे महिंद्र कंपनीनेही बनविलेल्या सीजे-३बी जीपचे दात ४३ व ८, म्हणजे ५.३८. आकडा मोठा असेल तर ओढ अधिक व वेग कमी. इंजिनाचे फेरे मिनिटाला २,००० असता वरच्या गिअरमध्ये पहिली गाडी ताशी सुमारे ५४, तर दुसरी सुमारे ४९ किलोमीटर जाईल.

गाडीच्या कागदांवरील साल पाहून प्रमाण ठरवू नये. इतक्या वर्षांत आस बदलला गेला असण्याचा संभव मोठा असतो. डिफरन्शियलच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची लहान चकती असल्यास तीवर दातांचे आकडे सापडतात. परंतु ती बहुधा गंजून गळालेली असते.

खात्रीची रीत मोजण्याची. गाडी टणक व सपाट जागी उभी करावी. काळ्या ओल्या जमिनीवर जॅक खचतो. पुढील दोन्ही चाकांना पुढून व मागून दगड लावावेत. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना न लागता प्रॉपेलर शाफ्टलाच आवळतो, त्यामुळे मोजताना तो सोडावाच लागतो आणि गाडी केवळ दगडांच्या आधारावर राहते. किल्ली काढून घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा व चारही चाकांची जोडणी सुटी करावी. मागील एकच चाक उचलून आसाखाली भक्कम लाकडी ठोकळा द्यावा. गाडीखाली कोणीही शिरू नये. शाफ्ट बाजूने बसून पाहता येतो.

टायरवर व शाफ्टवर खडूची खूण करावी. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा होतो. दोनच फेरे मोजले तर चूक होण्याचा धोका असतो. वीस फेरे द्यावेत. शाफ्टचे फेरे पावणेचोपन्न झाले तर प्रमाण ५.३८, आणि पावणेएकोणपन्नास झाले तर ४.८८. डिफरन्शियल लॉक असलेल्या गाडीस ही रीत लागू नाही. तेथे दोन्ही चाके उचलून, दोन्ही बाजूंना ठोकळे देऊन, दहाच फेरे मोजावेत.

दात तुटलेलेच असतील तर तेल काढून, झाकण उघडून दात मोजण्यावाचून गत्यंतर नाही. तुटलेल्या दाताचे बूडही मोजणीत धरावे. क्राऊन व पिनियन एकमेकांशी घासून जुळलेले असतात. एक नवा व एक जुना बसविल्यास आवाज येतो व दात लवकर झिजतात. ती जोडीच घ्यावी.

जीपसारख्या चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढील आसाचेही प्रमाण तपासावे. मागे ३९-८ व पुढे ४३-८ असेल तर चिखलात चाके घसरून ताण निघून जातो, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जोडल्यास टायर घासतात व ट्रान्सफर केसचे दात मोडू शकतात. दोन्ही आस बदलून प्रमाण सारखे केले तरी जुन्या वेगमापकाची जुळणी तशीच राहते. ४३-८ च्या जागी ३९-८ बसविलेल्या गाडीचा काटा ताशी ४० दाखवीत असेल, तेव्हा गाडी ४४ ने धावत असते.